बाबांचं ‘हो’

आईचा फोन शाळेच्या मधल्या सुट्टीत आला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. एरवी संध्याकाळची वंदना झाल्याशिवाय ती फोनला हात लावत नाही.

‘मी तुह्याकडे राहायले येऊन राह्यली,’ ती म्हणाली.

‘ये की. किती दिवस?’

‘दिवस नाही मोजाचे. राहायलेच येते.’

मी बुलडाण्यात एका शाळेत शिकवते. आईबाबा साखरखेर्ड्याला असतात, दोघंच. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. आई त्या घराबाहेर कधी फार दिवस राहिलेली मला आठवत नाही. माझ्या बाळंतपणालाही ती दर चार दिवसांनी ‘त्यायच्या जेवणाचं काय झालं असंन’ म्हणून उसासे टाकायची. मी विचारलं, ‘आणि बाबा?’

‘त्यायले इचारलं मी. समोर उभं राहून इचारलं. म्हणलं, मी पोरीकडे जाऊ काय, कायमची? तं हो म्हणले.’

‘काय?’

‘हो हो म्हणले. दोनदा. पेपरातून डोकं बी वर नाही काढलं.’

माझा राग नाकावर असतो, हे माझ्या वर्गातलं कुठलंही पोर सांगेल. त्या दिवशी तो पार टाळूला गेला. दोन वर्षांपासून आईचं एकच तुणतुणं चालू होतं: तुझे बाबा माझं ऐकतच नाहीत. मी म्हणायचे, कुठले नवरे ऐकतात? आणि विषय मिटवायचे. पण ज्या बाईने चाळीस वर्षं चूल सांभाळली, तिला कायमचं जाऊ का म्हणून विचारावं लागतं आणि माणूस पेपर वाचता वाचता हो म्हणतो, हे मला सहन होईना. रविवारी मी येते, मी आईला सांगितलं, बाबांशी बोलते, आणि तुला घेऊनच परत निघते.

‘ये,’ आई म्हणाली. ‘अन् ते खोकं बी लावून दे एकदाचं. आठ दिवस झाले, बैठकीत अडचण करून बसलं हाय. गाणं ऐकाले मशीन पाह्यजे, माह्यं ऐकाले टाइम नाही.’

खोकं म्हणजे माझ्या धाकट्या भावाने हैदराबादहून बाबांसाठी पाठवलेले स्पीकर. एक मोठा, दोन लहान, वायरीचं नाव नाही. घरभर कुठेही ठेवा, फोनवरून गाणं लावा, सगळ्या खोल्यांत एकदम वाजणार. बाबांची पोस्टातली नोकरी ही पोटासाठी. खरी नोकरी त्यांनी केली ती गावातल्या गायन पार्टीत, पेटीवर. जयंतीला आणि बुद्ध पौर्णिमेला आमची पार्टी लोणार-मेहकरपर्यंत जायची आणि बाबांच्या कानाची ख्याती तिच्या पुढे जायची. गाणाऱ्याचा सूर केसभर हलला की बाबा न बोलता नुसती भुवई उचलायचे. लोक त्या भुवईला घाबरायचे.

रविवारी पहिल्या गाडीने निघाले. चिखली येईपर्यंत बाबांना काय काय सुनावायचं याची मनात उजळणी झाली होती. शेवटचं वाक्य तर मी इतकं झणझणीत तयार केलं होतं, की ते ऐकून त्यांचे डोळे उघडलेच पाहिजेत.

दारात बाबा कात्री घेऊन उभे होते.

‘आली का बाई? तू आल्यावरच फोडू म्हणलं,’ ते म्हणाले. इतके दिवस त्यांनी त्या खोक्याची चिकटपट्टीसुद्धा उचकटली नव्हती. चेहरा असा फुललेला, की माझी चिखलीपर्यंतची सगळी तयारी पाण्यात गेली. दाराशेजारी आईची भरलेली पिशवी ठेवलेली होती. बाबा तिच्यावरून पाय उचलून आत गेले. मी दात-ओठ खाल्ले आणि म्हटलं, आधी स्पीकर लावू, मग बघते तुमच्याकडे.

आमचं घर म्हणजे एकामागे एक अशा चार खोल्या. पुढे रस्त्यावर बैठक, मग मधली खोली, मग निजायची, आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर, ज्याला गॅस येऊन जमाना झाला तरी आम्ही चूलच म्हणतो. वायफायचा डबा बैठकीत, त्याचा पासवर्ड केबलवाल्याने पेन्सिलीने भिंतीवर लिहून ठेवलेला. बाबांच्या फोनमध्ये मी ॲप टाकलं. ॲपने खोल्यांसाठी भलभलती नावं पुढे केली, त्यात एक जिमखानाही होता. बाबांनी चष्मा लावून ती यादी वाचली, नाक मुरडलं आणि स्वतःच्या बोटाने टाइप केलं: बैठक, मधली खोली, चूल.

मोठा स्पीकर बैठकीत पेटीशेजारी ठेवला. एक लहान मधल्या खोलीत. तिसरा चुलीपाशी, डाळीच्या डब्यांच्या फळीवर. आईने तो ठेवायच्या आधी फळी पुसली, ठेवल्यावर स्पीकरही ओल्या फडक्याने खसाखसा पुसला आणि मगच आपल्या घरात घेतला.

आता शेवटची पायरी. ॲप एकेका स्पीकरमधून बारीक टिंगटिंग असा नाद वाजवायचं आणि फोनवर विचारायचं: आवाज आला का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. मी वायफायच्या डब्यावरचे दिवे बघत बैठकीत थांबले आणि बाबा फोन घेऊन घरभर फिरले.

‘बैठक, आला का?’ मी विचारलं.

‘हाव, आला.’

‘मधली खोली?’ मी जरा आवाज चढवून विचारलं.

‘आला.’

‘चूल?’ आता मी वर्गातला आवाज काढला. माझा वर्गातला आवाज शाळेच्या गेटवरच्या शिपायाला ऐकू जातो.

‘आला, आला!’

ॲपने अभिनंदन केलं. मी गाणं लावलं. बैठक दणाणली, मधली खोली वाजली, आणि चूल ढिम्म. आई आतून म्हणाली, ‘माह्याकडे तं काहीच नाही वाजून राह्यलं.’ तिच्या आवाजात ‘मला ठाऊकच होतं’ असा सूर होता.

पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा बाबांनी तिन्ही ठिकाणी आला म्हटलं. पुन्हा चूल मुकी. मी वायफायचा डबा निजायच्या खोलीच्या दारात आणून ठेवला. आईला चुलीवरचा स्पीकर बंद करून चालू करायला लावला. ॲप काढून परत टाकलं. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी मी भावाला फोन लावला आणि त्याच्या स्पीकरचा, त्याच्या हैदराबादचा आणि त्याच्या शिक्षणाचा उद्धार केला.

‘ताई, बंद करून चालू कर ना.’

‘तीनदा केलं!’

‘चाचणीत आवाज आलाच नसेल मग.’

‘आला नसता तर बाबांनी हो कशाला दाबलं असतं?’ मी खेकसले. पण मी माझ्याच वाक्याकडे लक्ष दिलं नाही.

चौथ्यांदा मी बाबांच्या सोबत चुलीपाशी गेले. आई ओट्यापाशी आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. स्पीकरच्या डोक्यावर एक लाल ठिपका पेटलेला होता. आईच्या ओल्या फडक्याने आवाज बंद करायचं बटण दाबलं गेलं होतं, इतकंच. मी हात पुढे करणार, तेवढ्यात बाबांनी चाचणी सुरू केली. मी कान देऊन ऐकलं. भाकरीची थपथप सोडली तर खोलीत कसलाही आवाज नव्हता. बाबा स्पीकरकडे बघत होते, डोकं जरा कलतं करून, पेटीच्या सुराकडे द्यायचे तसं लक्ष देऊन. मग त्यांनी हो दाबलं.

‘आला,’ ते मला म्हणाले.

मी लाल ठिपका विझवला आणि पुन्हा चाचणी लावली. टिंगटिंग वाजलं. इतकं लख्ख, की आईने वळून पाहिलं. बाबा होते तसेच उभे होते. वाजायचं थांबल्यावर थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा हो दाबलं.

मी नेहमीपेक्षा हळू आवाजात विचारलं, ‘बाबा, आज सोमवार आहे ना?’

‘हो, हो,’ बाबा म्हणाले.

आई भाकरी थापता थापता थांबली.

वर्गात फळा दिसत नसलेलं पोर मी दुसऱ्या दिवशी ओळखते. ते शेजारच्याच्या वहीत बघून लिहितं, सगळ्यांच्या नंतर हसतं. अशा पाच-सहा पोरांच्या आईबापांना बोलावून मी चष्मे लावायला लावलेत, आणि ‘एवढं कसं लक्षात आलं नाही तुमच्या’ म्हणून त्यांचे कानही टोचलेत. आणि इथे आई दोन वर्षं मला रोज फोनवर सांगत होती, बाबा माझं ऐकत नाहीत. आपल्या मराठीत ऐकणं म्हणजे कानाने ऐकणं आणि ऐकणं म्हणजे सांगितलेलं मानणं. आई निव्वळ खरी गोष्ट सांगत होती, आणि सांगणारीला नि ऐकणारीला, दोघींनाही ती तक्रार वाटत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की नेहमीप्रमाणे तिचा राग झाला.

‘बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही!’ मी ओरडले.

‘बाहेर आवाज जाते,’ आई म्हणाली.

हे मात्र बाबांना ऐकू आलं. म्हणजे माझं. ते बैठकीत गेले आणि पेटीपाशी जाऊन बसले. मी मागे गेले. बराच वेळ त्यांनी नुसता भाता हलवला.

‘वरचे सूर बसले म्हणून मी पेटी जालन्याले नेली दोनदा,’ ते म्हणाले. ‘कारागीर म्हणे, पेटीत काहीच खराबी नाही. मी म्हणलं, याचे कान गेले.’

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी वरच्या सप्तकातली एक पट्टी दाबली. सूर स्वच्छ वाजला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: वाजतेय.

‘मग सगळ्याला हो कशाला म्हणायचं? काय म्हटलं, असं विचारायचं ना परत.’

‘दोनदा इचारता येते, बाई. तीनदा इचारलं तं माणूस चिडते. हो म्हणलं की पुढं जाते.’ मग थांबून म्हणाले, ‘अन् पार्टीत समजलं असतं तं मले पेटीवर कोणं बसू देलं असतं?’

मी हातातल्या फोनशी चाळा करत बसले. ॲपमध्ये जाड आवाज आणि बारीक आवाज कमी-जास्त करायच्या दोन पट्ट्या होत्या. जाड आवाजाची मी पार खाली आणली, बारीक आवाजाची पार वर नेली. बाबांच्या फोनमध्ये मागच्या जयंतीचं त्यांच्याच पार्टीचं एक गाणं होतं, कोणीतरी स्टेजसमोर उभं राहून रेकॉर्ड केलेलं. ते मी मोठ्या स्पीकरवर लावलं. माझ्या कानाला ते पत्र्यावर खडे टाकल्यासारखं लागत होतं. बाबा मात्र हळूहळू पुढे सरकले, सरकत सरकत स्पीकरच्या तोंडाशी गेले.

‘हे आपलंच गाणं हाय?’ त्यांनी विचारलं.

‘तुमचंच.’

‘मागं ह्या बाया कोण्या?’

आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी होती. ‘कोण्या म्हंजे? आमीच, स्टेजसमोर बसून म्हणणाऱ्या. मी हाव ना त्याच्यात,’ ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, की तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. तिने पिठाचं बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. साडीवर पांढरा ठिपका उमटला.

बाबांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. मग परत एकदा. आई उभीच होती, आणि आत तव्यावरची भाकरी जळत होती.

मला वाटलं, मिटलं. दुपारी जेवणं झाल्यावर मी आईला म्हटलं, ‘झालं ना आता? त्यांना ऐकूच आलं नव्हतं. कशाला हो म्हटलं, तेच त्यांना माहीत नाही. पिशवी रिकामी कर.’

आईने भांडी लावता लावता मान हलवली. ‘ऐकू नाही आलं ते समजलं मले. पण ऐकू आलं असतं तं काय म्हणले असते, हे कोणाले मालूम?’

‘मग आत्ता विचार.’

‘कसं इचारू? वरडून?’ ती माझ्यावर उखडली. ‘गल्लीतल्या लोकायनं ऐकावं, असं असते काय ते? असं काही वरडून इचारतात?’

तिचं बरोबर होतं. काही गोष्टी ओरडून विचारल्या की त्यांचं भांडण होतं. दोन वर्षं तिने मीठ, दूध, लाइटबिल सगळं ओरडूनच विचारलं होतं आणि शेजारपाजारच्यांची खात्री झाली होती, की या वयात या दोघांचं बिनसलंय. हे एवढंच तिला हळू विचारायचं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघंही बुलडाण्याला आलो. बाबांची पिशवी एका दिवसाच्या कपड्यांची, आणि आईची तीच, कायमची. सोमवारी मी रजा टाकली आणि बाबांना कानाच्या तपासणीला नेलं. एक काचेची बंद खोली होती. बाबांना आत बसवून कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तपासणाऱ्या मॅडमनी आम्हा दोघींना त्यांच्या मागे बसू दिलं. त्या आवाज पाठवायच्या तेव्हा यंत्रावर एक दिवा लागायचा.

मला भीती होती, की बाबा इथेही सरसकट हो म्हणतील. तसं झालं नाही. दिवा लागायचा, विझायचा. पुन्हा लागायचा. बाबा डोळे मिटून, अंगठा बटणावर टेकवून बसले होते. सुरुवातीला अंगठा हलला. मग आवाज बारीक होत गेले तसा तो हलेनासा झाला. दिवे लागत राहिले आणि बाबा वाट बघत राहिले. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे, अगदी प्रामाणिकपणे.

आईने माझा हात धरला. ‘येवढं वाजून राह्यलं अन् काहीच नाही?’

‘यातच बायकांचा आवाज येतो बहुतेक,’ मॅडम म्हणाल्या. ‘पक्ष्यांचा, घंटीचा, बारीक सगळा.’

आई त्या दिव्याकडे बघत राहिली. दर वेळी तो लागला आणि बाबांचा अंगठा हलला नाही, की तिचा हात माझ्या हातात घट्ट व्हायचा. आपण दोन वर्षांत काय काय बोललो, ते तिला आठवत असावं. मला तरी तेच आठवत होतं.

दुपारी आठवडाभर वापरून बघायला म्हणून दोन यंत्रं मिळाली, शेंगदाण्याएवढी. त्या लहान स्पीकरांसारखीच तीही फोनशी जोडता येत होती. म्हणजे बाबांची पेटी थेट त्यांच्या कानात वाजू शकणार होती. मला त्याचंच कौतुक लागलं होतं. बाबांचं लक्ष भलतीकडेच होतं. घरी येईस्तोवर ते रिक्षाच्या प्रत्येक खडखडाटाला दचकत होते. घरात आल्यावर त्यांनी चप्पल फरशीवर घासून पाहिली. कपात चमचा फिरवला आणि थांबले. परत फिरवला.

आई माझ्या स्वयंपाकघरात चहा टाकत होती. बाबा मागे खुर्चीवर बसले होते, मी दारात उभी होते. साडेचारची गाडी पकडून बाबा परत जाणार होते. आईचं काय, हे कोणी काढत नव्हतं. मीच काहीतरी बोलणार होते, पण आईने न वळता, चहाकडेच बघत, मी लहानपणी ऐकलेल्या तिच्या जुन्या, हळू आवाजात विचारलं, ‘मंग मी राहू काय इथंच? कायमची?’

बाबा काही बोलले नाहीत. चहा वर आला, आईने गॅस बारीक केला. मला वाटलं, गेलं. पुन्हा गेलं. यंत्रं परत करावी लागणार.

‘नाही,’ बाबा म्हणाले.

आईचा हात गॅसच्या बटणावरच राहिला.

‘कायमची काऊन? चार रोज राह्य पायजे तं. पण मंग घरी ये. मले करमत नाही तुह्याबिगर.’

ती वळली. डोळे भरलेले होते, तोंडावर मात्र असा आव, की जणू काही झालंच नाही. पदराने हात पुसत ती त्यांच्या अगदी जवळ गेली आणि कानाशी हात धरून म्हणाली, ‘काय म्हणले? मले ऐकू नाही आलं.’

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग छाती भरून, शेजारच्या घरातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, त्यांनी ते सगळं पुन्हा एकदा सांगितलं.